वेलिंग्टन, ड्यूक ऑफ (किताब व वारसा)

वेलिंग्टन, ड्यूक ऑफ : ब्रिटिश उमरावपदांत सर्वांत वरच्या, म्हणजे ड्यूक दर्जाचा वंशपरंपरागत किताब. निर्मिती मे १८१४. पहिला धारक आर्थर वेल्स्ली (१७६९–१८५२). सध्याचा, नववा, चार्ल्स वेल्स्ली (जन्म १९४५). अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याशी या किताबाचा संबंध पहिल्या धारकामुळे येतो. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील पहिली लढाई त्याने ८ ऑगस्ट १८०३ रोजी नगरच्या पेठेच्या तटावर दिली. त्या वेळी तो वेलिंग्टन नव्हता, मेजर जनरल वेल्स्ली होता. ‘वेलिंग्टनने नगरचा किल्ला घेतला’ असे सर्रास बोलले जाते. ते वाक्य सहा वर्षे आधीच उच्चारले जाते एवढेच.

घराणे : मूळ आडनाव कॉली. आयर्लंडमधील रिचर्ड कॉली याला १७२८ मध्ये वेस्ली नावाच्या नातलगाची इस्टेट मिळाली आणि त्याने आडनावही त्याचेच घेतले. आपल्याकडे दत्तक गेलेला मुलगा घर आणि आडनाव दोन्ही बदलतो त्यातलाच हा प्रकार, फक्त होमहवनाशिवाय. रिचर्ड १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला, त्याचा मुलगा गॅरेट १७६० मध्ये अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. हे दोन्ही किताब आयर्लंडच्या उमरावांचे; लंडनच्या दरबारात त्यांचे वजन कमी. गॅरेटचा थोरला मुलगा रिचर्ड १७९८ ते १८०५ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता (तैनाती फौजेचा वेल्स्ली तो हाच). ‘वेस्ली’चे ‘वेल्स्ली’ त्याच्याच काळात, १७९८ च्या सुमारास, कायम झाले. श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये त्याला मार्क्विस केले, पण तेही आयर्लंडचेच, आणि याचा सल त्याला अखेरपर्यंत राहिला. औरस मुलगा नसल्याने तो किताब १८४२ मध्ये त्याच्याबरोबर संपला. आर्थर हा त्याचा धाकटा भाऊ.

नगरची मोहीम : नगरचा किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांकडे आणि १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे आला. पुण्याहून गोदावरीकडे जाणाऱ्या फौजेच्या पाठीशी तो शिंद्यांच्या हाती राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. शिवाय पुढच्या मोहिमेला दाणागोटा साठवायला पक्की जागा हवी होती. वेल्स्लीचा तळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नगरच्या दक्षिणेस वाळकी येथे पडला होता. शिंद्यांच्या छावणीतून कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स निघाल्याची बातमी येताच वेल्स्लीने ६ ऑगस्टला युद्ध पुकारले. पण पावसाने वाट धरू दिली नाही. ८ तारखेला उघडीप मिळाली तेव्हा फौज हलली आणि त्याच दिवशी पेठेवर चाल झाली.

पेठेचा तट उंच होता, पण त्याला आतून फांजी नव्हती, म्हणजे शिपायाला उभे राहायला जागा नव्हती. तटावर पोचलेला गोरा शिपाई शिडीच्या शेवटच्या पायरीवर नुसता लटकत राही आणि आतल्या अरब शिबंदीच्या गोळीला आयता सापडे. तीन तुकड्यांपैकी पहिलीची गत हीच झाली. ७८ व्या पलटणीतील कॉलिन कॅम्पबेल हा तलवार मनगटाला दोरीने अडकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून चढला, बुरुजावर पाय रोवून आत उतरला आणि मागच्यांना वाट झाली. (हा कॅम्पबेल पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला.) पेठ त्याच दिवशी पडली. १० तारखेला किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. ११ ला किल्लेदाराने बोलणे लावले आणि १२ ऑगस्टला, खाजगी मालमत्ता घेऊन सुखरूप बाहेर पडू देण्याच्या अटीवर, सुमारे १,४०० माणसे किल्ल्याबाहेर पडली.

ज्या किल्ल्यापुढे चांदबिबीच्या वेळी, १५९५–९६ मध्ये, मोगल फौज अडून बसली तो चार दिवसांत कसा गेला, याची उत्तरे दोन मिळतात. भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन हल्ल्याची सोयीची बाजू दाखवली, असे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात दिले आहे. इंग्रज लष्करी लेखक तोफांना श्रेय देतात. दोन्ही एकाच वेळी खरे असायला हरकत नाही. इंग्रजांच्या बाजूने छावणीत असलेल्या गोखल्यांनी (हे बापू गोखले होत असे मानतात) पुण्याला कळवलेला मजकूर इंग्रजी चरित्रांत हटकून येतो: हे लोक विलक्षण, सकाळी आले, तट पाहिला, वर चढून गेले, आतली माणसे मारली आणि न्याहारीला परत आले. मूळ मराठी पत्राची भाषा यात कितपत उरली आहे हे वाचकाने ठरवावे. न्याहारीचा धागा नगरकरांनी मात्र सोडला नाही. किल्ल्याजवळच्या एका चिंचेखाली वेल्स्ली जेवला असे सांगतात, आणि त्या झाडाभोवती जुन्या तोफा पुरून जागा राखली गेली.

नगरनंतर असई (२३ सप्टेंबर, आता जालना जिल्हा), अडगाव (२९ नोव्हेंबर, अकोला जिल्हा) आणि गाविलगड (१५ डिसेंबर, अमरावती जिल्हा) अशी मोहीम वर्षाअखेर संपली. भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. नगर पुढे पेशव्यांना दिले गेले. किल्ला १८१७ च्या पुणे तहाने कंपनीकडे आला तो कायमचाच.

नावातील गावे : विजयाचे गाव किताबात घालण्याची ब्रिटिश चाल होती. उत्तरेकडे त्याच युद्धात लढलेला सरसेनापती जेरार्ड लेक १८०४ मध्ये ‘दिल्ली आणि लासवारी’चा बॅरन झाला. श्रीरंगपट्टण घेणाऱ्या जॉर्ज हॅरिसच्या १८१५ च्या बॅरनपदात श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर दोन्ही आहेत. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील हॅरिस शील्ड ज्याच्या नावाची, तो मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याच घराण्यातील चौथा बॅरन. वेल्स्लीला मात्र दख्खनच्या मोहिमेबद्दल १८०४ मध्ये उमरावपद मिळाले नाही, ‘नाइट ऑफ द बाथ’ एवढाच मान मिळाला. पुढे किताबांची रास पडली तेव्हा त्यांत तालावेरा आले, दोरो नदी आली, पोर्तुगाल, स्पेन आणि वॉटर्लू आले. दख्खनचे एकही गाव आले नाही. असईच्या स्मरणार्थ ध्वजावर हत्ती मिळाला तो पलटणींना. त्याच्या वंशचिन्हात १८१४ नंतर भर पडली ती ब्रिटनच्या निशाणाची. उतारवयात आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारता त्याने असईचे नाव घेतले होते, हे लक्षात घेतले तर ही उणीव जास्तच डोळ्यांत भरते.

असई, अडगाव, गाविलगड निदान पदकावर तरी आले. हिंदुस्थानातील जुन्या लढायांसाठी १८५१ मध्ये काढलेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या पट्ट्यांत ही तिन्ही नावे आहेत. कोरेगाव, खडकी, पुणेही आहेत. अहमदनगर नाही. ८१ वर्षांच्या ड्यूकला मिळालेल्या पदकावरही तीनच पट्ट्या होत्या. दख्खनच्या फौजेतील अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला चांदीवर सोन्याचा मुलामा असलेला भांड्यांचा संच, ‘डेक्कन सर्व्हिस’, ड्यूकच्या लंडनमधील वाड्यात, ॲप्सली हाउसमध्ये, आहे. त्याच्यावरही कोरले आहे ते असईच.

किताबांची चढण : सप्टेंबर १८०९ मध्ये, तालावेराच्या लढाईनंतर, बॅरन दोरो आणि व्हायकाउंट वेलिंग्टन. तो स्वतः स्पेनमध्ये असल्याने नाव निवडण्याचे काम लंडनमध्ये भाऊ विल्यम याने केले. सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन हे गाव वेल्स्ली नावाच्या जुन्या वाडीजवळ आहे, एवढाच त्यामागचा आधार. १८१२ च्या फेब्रुवारीत अर्ल, त्याच वर्षी मार्क्विस, मे १८१४ मध्ये ड्यूक. पाच वर्षे तो युरोपातील रणांगणावरच होता. त्यामुळे २८ जून १८१४ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहात त्याने पहिल्यांदा पाऊल ठेवले, तेव्हा बॅरनपासून ड्यूकपर्यंतच्या साऱ्या सनदा एका दिवसात ओळीने वाचण्यात आल्या. पंतप्रधानपद १८२८–३० व १८३४.

वारसाक्रम : किताब पहिल्या ड्यूकच्या औरस पुरुषवंशात चालतो. मुलीला मिळत नाही, दत्तकालाही नाही. दत्तक मुलांना उमरावाच्या मुलांसारखे मानाचे संबोधन लावण्याची मुभा २००४ च्या राजाज्ञेने मिळाली, पण वारसा त्यातही नाही.

दुसरा ड्यूक आर्थर रिचर्ड (१८०७–८४) हा थोरला मुलगा. १८६३ मध्ये चुलत शाखा खुंटल्यावर मॉर्निंग्टनचे अर्लपदही त्याच्याकडे आले. त्याला मूल नव्हते. धाकटा भाऊ चार्ल्स आधीच वारला होता, म्हणून चार्ल्सचा मुलगा हेन्री (१८४६–१९००) तिसरा ड्यूक झाला. तोही निपुत्रिक. त्याचा भाऊ आर्थर चार्ल्स (१८४९–१९३४) चौथा. पाचवा १९४१ पर्यंत.

सहावा ड्यूक हेन्री हा सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नो येथे कमांडो तुकडीत लढताना मारला गेला. वय ३१, अविवाहित. त्याला सख्खी बहीण होती, पण ब्रिटिश किताब तिच्याकडे गेला नाही. चौथ्या ड्यूकचा दुसरा मुलगा रिचर्ड १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात पडला होता आणि त्याच्या मागे मुलीच होत्या. त्यामुळे तीही शाखा वगळली गेली. शेवटी किताब तिसऱ्या मुलाकडे, म्हणजे मृताचा चुलता जेराल्ड (१८८५–१९७२) याच्याकडे चढला. पेशाने वास्तुविशारद असलेल्या या सातव्या ड्यूकने १९४७ मध्ये ॲप्सली हाउस राष्ट्राला दिले. आठवा आर्थर व्हॅलेरियन (१९१५–२०१४).

मराठी वाचकाला येथे सातारा आठवणे साहजिक आहे. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी (आप्पासाहेब) यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच वर्षी ‘दिल्ली आणि लासवारी’चे लेक घराण्याचे उमरावपद पुरुष वारसाअभावी संपले. खुद्द डलहौसीला १८४९ मध्ये मार्क्विस केले गेले. त्याला मुलीच होत्या, म्हणून तो किताब १८६० मध्ये त्याच्याबरोबर गेला. आपल्या घरात जो नियम चालतो तोच त्याने साताऱ्याला लावला, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण किताब संपला तरी डलहौसीच्या मुलींची जमीन कोणी जप्त केली नाही. साताऱ्यात गादीबरोबर मुलूखही गेला.

परदेशी किताब : पोर्तुगालचे तीन, नेदरलँड्सचे ‘प्रिन्स ऑफ वॉटर्लू’ (१८१५), स्पेनचे ‘ड्यूक ऑफ स्यूदाद रोद्रिगो’ (१८१२). स्पेनच्या वारसाहक्कात बहिणीला जागा आहे. त्यामुळे १९४३ मध्ये तो एक किताब सहाव्या ड्यूकची बहीण ॲन हिच्याकडे गेला, आणि तिने तो १९४९ मध्ये चुलत्याच्या नावे सोडल्यावर ब्रिटिश व स्पॅनिश दोन्ही किताब पुन्हा एका हाती आले. वॉटर्लूच्या किताबाबरोबर मिळालेल्या, आता बेल्जियममध्ये असलेल्या जमिनीवरून तेथील संसदेत अधूनमधून प्रश्न उठतो.

जमीनजुमला : ड्यूकपदाबरोबर संसदेने १८१४ मध्ये चार लाख पौंड मंजूर केले. हॅम्पशर परगण्यातील स्ट्रॅटफील्ड सेय ही इस्टेट १८१७ मध्ये घेतली गेली. तिचा खंड असा: दरवर्षी १८ जूनला, वॉटर्लूच्या दिवशी, दुपारी बाराच्या आत फ्रान्सचे एक छोटे तिरंगी रेशमी निशाण विंडसरच्या किल्ल्यात राजाकडे पोचते करायचे. चुकल्यास जमीन सरकारजमा. आपल्याकडच्या इनामदारांच्या नजराण्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

भारतातील नाव : निलगिरीतील वेलिंग्टन छावणी. मुंबईत आताच्या श्यामाप्रसाद मुखर्जी चौकातील वेलिंग्टन कारंजे (१८६५). अपोलो बंदराचे सरकारी नावही वेलिंग्टन पिअर होते. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि मुंबईचा विलिंग्डन क्लब यांचा या घराण्याशी काही संबंध नाही. ती नावे मुंबईचा गव्हर्नर व पुढे व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड विलिंग्डनची. त्याचे मार्क्विसपद १९७९ मध्ये संपले. उच्चारसाम्यामुळे छापील मजकुरातही ही गल्लत आढळते.

अलीकडचा काळ : नववा ड्यूक सप्टेंबर २०१५ मध्ये, तेव्हा वंशपरंपरागत उमरावांसाठी होत असलेल्या पोटनिवडणुकीने, लॉर्ड्सच्या सभागृहात आला.

जिल्ह्याशी संबंधित अन्य किताब : पेशवाई गेल्यावर १८१८ मध्ये नगरचा कलेक्टर झालेला हेन्री पॉटिंजर पुढे हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला, त्याला १८४० मध्ये मिळालेले बॅरोनेटपद (हे उमरावपदाच्या एक पायरी खालचे) तिसऱ्या धारकाबरोबर १९०९ मध्ये संपले.