नागीण बाहेरून येत नाही

कमरेवर किंवा छातीच्या एका बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला आणि आग होऊ लागली की आपल्याकडे ‘नागीण झाली’ असे म्हणतात. मग कुणी गेरूचा लेप सुचवतो, कुणी मंत्र घालून घ्यायला सांगतो. तिचा वेढा पूर्ण झाला, तोंड शेपटीला टेकले की माणूस दगावतो, हेही तुम्ही ऐकले असेलच. आपल्याला त्या पट्ट्यात साप दिसला, ग्रीकांना कंबरपट्टा दिसला. ‘हर्पीस झोस्टर’ या वैद्यकीय नावातल्या ‘झोस्टर’चा अर्थ कंबरपट्टा असाच आहे.

पण ही नागीण येते कुठून? ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी याचे उत्तर समजून घ्यायलाच हवे.

१९ व्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टमधील बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाई यांच्या लक्षात आले की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी मुलांना कांजिण्या येतात. म्हणजे दोन्हींचे मूळ एकच असावे. पुढे ते सिद्धही झाले. तरी एक कोडे उरले. घरात कुणालाही कांजिण्या नसताना आजोबांना नागीण कशी होते?

हे कोडे सोडवायला पुढे आले ते एक साधे फॅमिली डॉक्टर. इंग्लंडमधील सायरनसेस्टर गावचे एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या सुमारे ३५०० रुग्णांच्या १९४७ ते १९६२ या १६ वर्षांच्या नोंदी ठेवल्या. त्यात नागिणीचे १९२ रुग्ण सापडले. वय वाढेल तसे प्रमाण वाढत होते. १९६५ मध्ये त्यांनी मत मांडले की कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपून राहतो. प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते. पहारा ढिला पडला की तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. पुढे १९८० च्या दशकात अशा गाठींमध्ये विषाणूचा डीएनए सापडला.

पट्टा शरीराच्या एकाच बाजूला का असतो, हेही यातून कळते. बहुधा एकाच बाजूचा एक मज्जातंतू बाधित होतो. त्यामुळे वेढा पूर्ण होण्याची भीती बहुतेकांनी बाळगू नये. मात्र प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर फोड अंगभर पसरू शकतात, फुप्फुस आणि मेंदूपर्यंतही विषाणू पोहोचू शकतो. केमोथेरपी घेणारे, किडनी प्रत्यारोपण झालेले, बराच काळ स्टेरॉईडच्या गोळ्या घेणारे आणि एचआयव्हीबाधित यांना हा धोका जास्त असतो. एड्सच्या साथीच्या सुरुवातीच्या वर्षांत तरुण वयात झालेली नागीण हा डॉक्टरांसाठी महत्त्वाचा इशारा ठरला. पण लक्षात घ्या, नागीण म्हणजे एचआयव्ही नव्हे. बहुतेकांना ती केवळ वयामुळे होते.

उपचाराचा इतिहास त्यामानाने अलीकडचा आहे. ॲसायक्लोव्हिर हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २००६ मध्ये अमेरिकेत पहिली लस आली, पण तिच्यात जिवंत विषाणू असल्याने ज्यांना तिची गरज सर्वात जास्त, त्या कमी प्रतिकारशक्तीच्या रुग्णांनाच ती देता येत नव्हती. २०१७ मध्ये जिवंत विषाणू नसलेली लस आली आणि ही अडचण दूर झाली. दोन डोसची ही लस आता भारतातही मिळते. तुमच्यासाठी ती योग्य आहे का, आणि कधी घ्यावी, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता तुम्ही काय करायचे? फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर फायदा सर्वाधिक. प्रतिकारशक्ती कमी असेल तर उशीर झाला तरी जाच, कधी इंजेक्शनने औषध द्यावे लागते. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण दृष्टीला धोका असतो. फोड झाकून ठेवा. खपली धरेपर्यंत कांजिण्या न झालेल्या गर्भवती आणि तान्ह्या बाळांपासून दूर राहा. चालू असलेले स्टेरॉईड मनाने बंद करू नका. गेरूने विषाणू मरत नाही, पण त्याच्या नादात हे मोलाचे तीन दिवस हातचे जातात.