बेडक्यातली बुरशी: ती सापडायला इतकी वर्षे का लागली?

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाच्या बेडक्याच्या रिपोर्टमध्ये 'अ‍ॅस्परजिलस' हे नाव दिसले की पालक घाबरतात. रिपोर्टमध्ये बुरशी नसली की निश्चिंत होतात. दोन्ही वेळा घाई नको. का, ते या तपासणीच्या इतिहासातून चांगले कळते.

सिस्टिक फायब्रोसिस हा जनुकीय आजार आहे. त्यात श्वासनलिकांतला स्राव घट्ट आणि चिकट होतो. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा बहुतेक मुले लहानपणीच दगावत. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि मुले अधिक जगू लागली. डॉक्टरांचे सारे लक्ष स्टॅफिलोकोकस, स्युडोमोनास अशा जिवाणूंकडे होते. बुरशी मागे राहिली.

ओळखीची, तरी दुर्लक्षित

अ‍ॅस्परजिलस काही नवी नव्हती. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी १७२९ मध्येच तिला हे नाव दिले होते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी श्वासनलिका ते बाहेर ढकलतात, चिकट स्रावात मात्र ते अडकून राहतात. म्हणून बेडक्यात बुरशी सापडली, तरी ती नुसती मुक्कामाला आहे की त्रास देते आहे, हे त्यावरून ठरत नाही.

रक्ताने दिलेले उत्तर

१९५२ मध्ये लंडनच्या हिन्सन, मून आणि प्लमर या डॉक्टरांनी या बुरशीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे वर्णन केले. त्यातला एक प्रकार अ‍ॅलर्जीचा होता. आज त्याला 'एबीपीए' म्हणतात. १९६५ मध्ये लंडनच्याच डॉ. मिअर्न्स आणि सहकाऱ्यांनी तो सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत दाखवला. एक्स-रेवर डाग उमटत आणि पुन्हा नाहीसे होत. इथे शरीराची बुरशीविरुद्धची प्रतिक्रियाच त्रास देत होती. १९६७ च्या सुमारास 'आयजीई' या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडाचा शोध लागला आणि ही प्रतिक्रिया रक्तात मोजता येऊ लागली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांची एकूण आयजीई दरवर्षी तपासावी, असे सुचवले.

प्लेटवर न उगवणारी बुरशी

दुसरी अडचण प्रयोगशाळेतली. कल्चरच्या प्लेटवर स्युडोमोनास एका रात्रीत पसरतो आणि सावकाश वाढणारी बुरशी त्याखाली झाकली जाते. फ्रान्सचे त्वचारोगतज्ज्ञ साबूरो यांच्या नावाचे, बुरशीला मानवणारे साखरयुक्त, आम्लधर्मी माध्यम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. त्यात अँटिबायोटिक घातले की जिवाणू आवरतात. पण सेडोस्पोरियमसारखी बुरशी अ‍ॅस्परजिलसच्या गर्दीतही हरवते, म्हणून २००८ मध्ये तिच्यासाठी खास माध्यम मांडले गेले. एक्सोफियाला ही काळी यीस्ट उगवायला तर कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. सेडोस्पोरियमवर अनेक औषधे चालत नाहीत आणि फुप्फुस प्रत्यारोपणानंतर ती जिवावर बेतू शकते. म्हणून ती वेळेत सापडणे महत्त्वाचे.

तुम्ही काय करायचे?

रिपोर्टमध्ये बुरशी नाही, पण खोकला, दम किंवा तपकिरी गाठींचा बेडका अँटिबायोटिक घेऊनही कमी होत नाही? मग डॉक्टरांना विचारा: "बुरशीचे वेगळे कल्चर लावले होते का? प्लेट किती दिवस ठेवली? आयजीई तपासायची का?"

रिपोर्टमध्ये बुरशी आहे, पण मूल छान आहे? मग मनाने औषध सुरू करू नका. एबीपीएवर मुख्य उपचार बहुधा स्टेरॉइडचा असतो. बुरशीची इट्राकोनॅझोलसारखी औषधे सिस्टिक फायब्रोसिसच्या नव्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढवतात, त्यामुळे डोस बदलावा लागतो. रिपोर्ट, एक्स-रे, रक्ततपासणी आणि समोरचे मूल हे सगळे एकत्र पाहूनच निर्णय घ्यायचा असतो. तपासणीला जाताना जुने रिपोर्ट सोबत न्या.