रॅमची नेमप्लेट

अंबडच्या एमआयडीसीत कुठल्याही गाळ्यात शिरा, मोटारीच्या अंगावर रिव्हेट मारून बसवलेली पत्र्याची पट्टी दिसेल. व्होल्ट, अँपिअर, एचपी, आरपीएम. मोटार रिवाइंडिंगला जाते, रंग बदलतो, मालक बदलतो, पट्टी मात्र कुणी काढत नाही. ती गेली की मोटारीला काय झेपतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

माझा भाचा इथल्याच एका गाळ्यात व्हीएमसी या मिलिंग मशीनचे प्रोग्रॅम करतो. घरी ड्रॉइंगचं काम करता यावं म्हणून त्याने सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला. रॅमच्या दोन पट्ट्या, डीडीआर४, आठ-आठ जीबीच्या, खोक्यावर ठळक ३२००. विंडोज चढली, त्याने टास्क मॅनेजर उघडला, तर तिथे २१३३. रात्री फोन आला, "मामा, पैसे ३२००चे घेतले आणि माल २१३३चा दिला." सीपीयू-झेडमध्ये १०६६ दिसल्यावर तर त्याची खात्रीच पटली.

फसवणूक झाली नव्हती. १०६६चा उलगडा सोपा आहे. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका आवर्तनात दोनदा डेटा देते, म्हणून घड्याळ १०६६ आणि काम २१३३चं. पण ३२०० ऐवजी २१३३ का, हे समजायला पट्टीवरच्या एका चिमुकल्या चिपकडे जावं लागतं. डेटा साठवणाऱ्या मोठ्या काळ्या चिपा वेगळ्या. ही त्यांच्या शेजारी बसलेली, नखाहून लहान. रॅमची नेमप्लेट ती.

आधी अशी चिप नव्हती. ७२ पिनांच्या जुन्या सिम पट्ट्यांवर चार पिना ओळख सांगण्यासाठी राखून ठेवलेल्या असत. कुठली पिन ग्राउंडला जोडलेली आणि कुठली मोकळी, यावरून मदरबोर्डाने आकार आणि वेग ओळखायचा. चार पिनांच्या जुळण्या होतात सोळा. मेमरीचे प्रकार वाढले आणि सोळा ओळखी पुरेनात. मग १६८ पिनांच्या डिम पट्ट्यांवर २५६ बाइटांची वेगळी चिप आली. तिच्याशी बोलायची भाषा नवी शोधावी लागली नाही. फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेली दोन तारांची आय-स्क्वेअर-सी पद्धत तयारच होती. या व्यवस्थेचं नाव सिरियल प्रेझेन्स डिटेक्ट, म्हणजे एसपीडी. कुठल्या बाइटात काय लिहायचं ते जेडेकने ठरवलं. १९५८ साली स्थापन झालेली ही संस्था उत्पादकांना एकत्र बसवून मानकं ठरवते. तैवानचा बोर्ड आणि कोरियाची रॅम पहिल्याच भेटीत एकमेकांना ओळखतात, ते या कराराच्या जोरावर. मला हे फार मोठं काम वाटतं.

सगळे रकाने मात्र भरले नव्हते, आणि पुढची सगळी कथा त्या उरलेल्या जागेची आहे. डीडीआर२च्या काळात रॅम कंपन्या कराराहून वेगवान पट्ट्या विकू लागल्या होत्या. तो वेग मिळवायचा तर बायोसमध्ये व्होल्टेज आणि टायमिंगचे आकडे एकेक करून हाताने भरावे लागत. २००६ मध्ये एनव्हिडिया आणि कॉर्सेअर यांनी ईपीपी आणलं. जेडेकने न वापरलेल्या ९९ ते १२७ या बाइटांत त्यांनी वेगवान आकडे लिहून ठेवले. पण ते एनव्हिडियाच्या चिपसेटांपुरतं राहिलं. २००७ मध्ये डीडीआर३बरोबर इंटेलने १७६ ते २५५ या बाइटांत आपलं एक्सएमपी बसवलं, ते टिकलं. डीडीआर४मध्ये चिप ५१२ बाइटांची झाली, तेव्हा एक्सएमपी ३८४व्या बाइटापासून पुढे राहायला गेलं. एएमडीच्या बोर्डांवर याच आकड्यांना असूस डीओसीपी म्हणतं. डीडीआर५साठी २०२२ मध्ये एएमडीने स्वतःचं एक्स्पो आणलं.

म्हणजे एका नेमप्लेटवर दोन हातांची अक्षरं. वरचं सगळ्यांच्या सहमतीचं: २१३३, १.२ व्होल्ट. खालचं एकट्या उत्पादकाचं: ३२००, १.३५ व्होल्ट. पुढे ३२००लाही जेडेकची मान्यता मिळाली, पण भाच्याच्या पट्टीवर तो आकडा खालच्या अक्षरातच होता. बोर्ड आपण होऊन वरचं वाचतो. भाच्याला हे समजावणं अवघड गेलं नाही. नवा जॉब लावला की पहिला पीस तो स्वतः सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून काढतो. म्हणजे आधी सावकाश, खात्रीच्या वेगाने. बोर्डही तेच करत होता.

त्याने बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं. स्क्रीन काळी. मशीन दोन-तीनदा बंद-चालू झालं आणि परत २१३३वर आलं. झाकण उघडल्यावर कारण दिसलं: दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत, म्हणजे एकाच चॅनलवर. सगळा भार एका वाटेवर आणि दुसरी वाट रिकामी. चार खाचांच्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच धरायची, ए२ आणि बी२. पहिल्या खाचेत पट्टी आणि दुसरी मोकळी ठेवली, तर पुढे लोंबणाऱ्या तारेच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि वेग वाढला की तोच खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो.

पट्ट्या हलवल्या, एक्सएमपी पुन्हा चालू केलं, आणि ३२०० आलं. पहिला डेटा हाती यायला २१३३च्या सीएल१५ला, म्हणजे घड्याळाच्या १५ आवर्तनांना, सुमारे १४ नॅनोसेकंद लागत होते, ३२००च्या सीएल१६ला १० लागतात. दोन्ही चॅनल मिळून क्षमता सेकंदाला ५१.२ जीबी. नाही जमलं असतं तर बायोस अपडेट केलं असतं, नाहीतर व्होल्टेज तेच ठेवून एक पायरी खाली, ३०००वर आलो असतो.

विंडोज सुरू झाली म्हणजे झालं, असं मी मानत नाही. रॅमची चूक गुपचूप होते. एखाद्या प्रोग्रॅममधला एक अंक बदलतो आणि टूल थेट जॉबमध्ये घुसतं. म्हणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवायला लावलं. सकाळी त्याने फोटो पाठवला, चुका शून्य.

एक्सएमपीचं प्रोफाइल रॅमवरच्या चिपमध्ये कायम राहतं, पण ते चालू आहे ही नोंद बोर्डाकडे असते. बोर्डावरचा बटण-सेल उतरला किंवा बायोस अपडेट केलं, की मशीन बिनबोभाट २१३३वर परतू शकतं. हे सांगितल्यावर भाच्याने मार्कर घेतला आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं: एक्सएमपी प्रोफाइल १, ३२००, १.३५ व्होल्ट, ए२–बी२. खाली तारीख टाकली.