मुंबई इलाख्यांतील समान परीक्षेचा वाद : इ. स. १८५९ पासून आजतागायत

(१) महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागाची कचेरी वाशी येथें आहे. तेथून रेल्वेचें तिसरें स्थानक नेरूळ. नेरूळ, शिरवणे, सारसोळे, करावे, दारावे हीं आगरी-कोळी वस्तीचीं जुनीं गांवठाणें आणि सिडकोनें १९७० नंतर वसविलेलें नवें नगर हीं येथें एकमेकांस खेटून उभीं आहेत. राज्य मंडळाच्या मराठी शाळा, त्याच मंडळाच्या इंग्रजी शाळा आणि दिल्लीच्या केंद्रीय मंडळांशीं जोडलेल्या शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. दहावी होतांच ह्या सर्व शाळांतील मुलें अकरावीच्या त्याच जागांकरितां एका रांगेंत उभीं राहतात. ह्या रांगेंतील प्रत्येकास एकाच मापानें मोजावें किंवा कसें, आणि मोजल्यावर त्या मापाचें काय करावें, हा वाद गेलीं पंधरा-वीस वर्षें वर्तमानपत्रांतून व न्यायालयांतून गाजत आहे. तो नवीन आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः तो ह्या प्रांतांत दीडशें वर्षांचा आहे, आणि त्यांतील मुख्य मुद्दा १८८२ सालींच पुण्यांतून लेखी मांडला गेला होता. ही परंपरा क्रमानें पाहिली असतां आजच्या वादांत काय सुटून जातें तें कळतें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

(२) समान परीक्षेची कल्पना येथें न्यायाच्या बुद्धीनेंच आली, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांतीं विद्याखातीं निघालीं आणि १८५७ च्या जुलैंत मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. हें विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बांधलेलें होतें. म्हणजे स्वतः शिकविणें हें त्याचें काम नसून, इतरांनीं शिकविलेल्यांची परीक्षा घेणें व पदव्या देणें हें होतें. १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढें ‘मॅट्रिक’ ह्या नांवानें घरोघरीं पोंचलेली परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडींत महादेव गोविंद रानडे होते. पूर्वीं सरकारी नोकरीचा दरवाजा वशिल्यानें, साहेबाच्या शिफारशीनें किंवा घराण्याच्या नांवानें उघडत असे. त्या मानानें, ज्या उत्तरपत्रिकेवर बापाचें नांव व कुळी पाहिली जात नाहीं, तिच्यावर निकाल ठरावा ही मोठी सुधारणा होती. ती नाकारून चालणार नाहीं.

परंतु परीक्षा घेणारी संस्था वर आणि शिकविणाऱ्या शाळा खालीं अशी रचना झाल्यावर काय व्हावयाचें तें झालें. मॅट्रिकला जें विचारलें जातें तें शिकविणें, आणि जें विचारलें जात नाहीं तें सोडणें, हा हायस्कुलांचा नियम होऊन बसला. वास्तविक मॅट्रिकपर्यंत पोंचणारीं मुलें शेंकडा अत्यल्प. तथापि मध्येंच गळणाऱ्या बहुसंख्य मुलांचा अभ्यासक्रमही त्या थोड्यांच्या परीक्षेनें ठरूं लागला. १९०२ सालीं सर थॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या विद्यापीठ कमिशननें, शिक्षण परीक्षेच्या ताब्यांत गेलें आहे, परीक्षा शिक्षणाच्या ताब्यांत नाहीं, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. आणि १९०४ च्या मार्चमधील कर्झनशाही ठरावानेंही तीच तक्रार मान्य केली.

(३) ह्याच सुमारास खालच्या शाळांत दुसरा प्रयोग चालला होता. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या सुधारलेल्या संहितेनें प्राथमिक शाळांचें सरकारी अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणित यांतील परीक्षेवर अवलंबून ठेविलें. ह्या पद्धतीस ‘निकालाप्रमाणें अनुदान’ असें नांव पडलें. सर अलेक्झांडर ग्रँट हे मुंबई इलाख्याच्या विद्याखात्याचे डायरेक्टर असतांना, १८६५ च्या सुमारास, ती पद्धति येथील अनुदानाच्या नियमांत शिरली. तपासणीस अधिकारी यावयाचा, पटावरील मुलांची इयत्तावार परीक्षा घ्यावयाचा, आणि जितकीं मुलें ज्या विषयांत उतरतील त्या हिशेबानें शाळेच्या पदरीं रक्कम पडावयाची. मद्रास इलाख्यांत शिक्षकांच्या पगारास मदत देण्याची पद्धतिही चालू होती. उत्तर हिंदुस्थानांत ठराविक मुदतीचें अनुदान असे. मुंबईनें मात्र निकालावर मुख्य भिस्त ठेविली.

हिशेबी दृष्टीस ही पद्धति फार सोयीची. पैसा दिला त्याचें फळ काय, हें सरकारास आंकड्यांत दिसतें. तिच्यांतील दोष मात्र तितकाच उघड आहे. ज्या शाळेंत सुखवस्तु घरचीं, नियमित येणारीं मुलें आहेत तिला अधिक रक्कम. ज्या शाळेंत शेतावर राबणारीं, भात-लावणीच्या दिवसांत गैरहजर राहणारीं मुलें आहेत तिला कमी. म्हणजे जेथें गरज थोडी तेथें मदत फार, आणि जेथें गरज फार तेथें मदत थोडी. इंग्लंडांत मॅथ्यू आर्नल्ड ह्या कवीनें, स्वतः शाळातपासणीस असून, ह्या पद्धतीनें शिक्षण यांत्रिक होतें अशी तक्रार अखेरपर्यंत केली. आणि तें शतक संपण्यापूर्वीं त्या देशानें ती टाकून दिली.

(४) १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें अनेकांच्या साक्षी झाल्या. त्यांत जोतीराव गोविंदराव फुले यांचें, १९ ऑक्टोबर १८८२ ह्या तारखेचें, निवेदन आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें व उच्च शिक्षणावरील खर्चापेक्षां त्याकडे अधिक लक्ष पुरवावें, ह्या मागण्यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. परंतु प्रस्तुत विषयास लागू असे त्यांतील दोन मुद्दे फारसे उल्लेखिले जात नाहींत.

पहिला मुद्दा अनुदानाविषयींचा. निकालाप्रमाणें अनुदान देण्याची पद्धति गरीब व अज्ञान लोकांत विद्याप्रसार करण्यास उपयोगी नाहीं, कारण त्यांच्यांत अद्याप शिक्षणाची गोडी उत्पन्न झालेली नाहीं. अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढण्यास कोणी शिक्षक धजणार नाहीं, कारण त्यावर त्याचें पोट भरणार नाहीं. म्हणून तेथें सरकारनेंच शाळा चालविल्या पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें. दुसरा मुद्दा शिष्यवृत्त्यांविषयींचा, आणि तो अधिक खोल आहे. चढाओढीच्या परीक्षेनें शिष्यवृत्त्या देणें हें तत्त्वतः न्याय्य दिसत असलें, तरी ज्या वर्गांत विद्या पोंचलेली नाहीं त्यांच्यांत ती पसरण्यास त्याचा उपयोग होत नाहीं. सबब कांहीं शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीं निराळ्या ठेवाव्या, असें त्यांनीं सुचविलें.

ह्यांत परीक्षा खोटी आहे असें फुले म्हणत नाहींत, किंवा ती बंद करा असेंही म्हणत नाहींत. माप बरोबर असूनही त्याचा उपयोग अन्यायाचा होऊं शकतो, एवढेंच ते दाखवितात. माप सारखें ठेवणें ही एक गोष्ट, आणि त्या मापाच्या निकालाचा भार कोणी सोसावयाचा ही दुसरी. ह्या दोहोंचा भेद ह्या प्रांतांत इतक्या स्पष्टपणें मांडलेला प्रस्तुत लेखकास ह्यापूर्वींचा आढळांत नाहीं. कमिशननें मात्र देशी प्राथमिक शाळांपुरती निकालाप्रमाणें अनुदानाची पद्धति उचलूनच धरली.

(५) विसाव्या शतकांत मापाची स्वतःचीच परीक्षा सुरू झाली. हिंदुस्थानांतील शिक्षणाची १९२९ सालीं पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर फिलिप हार्टॉग यांनीं ऱ्होड्स यांच्याबरोबर १९३५ मध्यें इंग्लंडांत एक पाहणी प्रसिद्ध केली. त्याच उत्तरपत्रिका निरनिराळ्या परीक्षकांकडे दिल्या असतां गुणांत केवढी तफावत पडते, हें तींत दाखविलें होतें. निबंधवजा परीक्षा समान दिसली तरी समान नसते, असा त्याचा इत्यर्थ. ह्यावर उपाय म्हणून ‘प्रमाणित कसोटी’ पुढें आली. म्हणजे तेच प्रश्न, तोच वेळ, तीच गुणदानाची रीत, आणि पुष्कळ मुलांवर आधीं अजमावून ठरविलेलें प्रमाण.

अशा कसोटीचा मराठी मुलांसाठीं झालेला पहिल्या मोलाचा उद्योग व्ही. व्ही. कामत यांचा होय. फ्रान्सांत बिने व सिमाँ यांनीं १९०५ सालीं केलेल्या बुद्धिमापनाच्या श्रेणीचें कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांकरितां त्यांनीं रूपांतर केलें, आणि हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला. शहरी मुलास परिचित असलेला प्रश्न खेड्यांतील मुलास केवळ अपरिचयामुळें अवघड जातो. तेव्हां परक्या भाषेंतील प्रश्न नुसते भाषांतरून चालत नाहींत, ते येथील मुलांवर पुनः अजमावावे लागतात, हें त्या उद्योगाचें मर्म. बिनेचा मूळ हेतुही विसरूं नये. पॅरिसच्या शाळांत कोणत्या मुलांस निराळी मदत हवी, हें ओळखण्यासाठीं त्यानें ती श्रेणी केली होती. तेथें निकालाचा भार मुलावर नव्हता. त्यास मदत पुरविणारावर होता.

(६) १९४८ च्या कायद्यानें मॅट्रिक विद्यापीठाकडून काढून माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाकडे दिली गेली, आणि १९४९ सालीं पहिली एस.एस.सी. झाली. राधाकृष्णन् कमिशननें त्याच सुमारास म्हटलें कीं, विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षांची सुचवावी. १९६६ च्या आरंभीं आजचें राज्य मंडळ स्थापन झालें. परीक्षेचें नांव, यत्ता व कचेरी बदलली. परंतु तिच्या निकालावरच पुढील दार उघडावें हें बदललें नाहीं.

नव्या शतकांत केंद्रीय मंडळांच्या शाळा वाढल्या आणि मापांमापांतच तंटा लागला. अकरावीच्या प्रवेशासाठीं राज्य सरकारनें २००८ सालीं पर्सेंटाइलचें सूत्र आणलें. २००९ सालीं राज्य मंडळाच्या मुलांस शेंकडा ९० व इतरांस १० जागा असा वांटा ठरविला. २०१० सालीं राज्य मंडळाच्या मुलांचे उत्तम पांच विषयांचेच गुण धरण्याचें ठरविलें. पहिले दोन उपाय मुंबई उच्च न्यायालयांत टिकले नाहींत. तिसराही तेथें रद्द झाला, परंतु सर्वोच्च न्यायालयांत तरला. दुसरीकडे, २०१० च्या एप्रिलपासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत नापास करणें बंद केलें. २०१५ मध्यें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ ह्या कार्यक्रमांत, कोणत्या मुलांस मूलभूत वाचन-गणित येत नाहीं हें ओळखण्यासाठीं पायाभूत चांचण्या सुरू झाल्या. पुढें २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीस अनुसरून राज्यानें २०२३ सालीं पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आणि तींत न उतरल्यास पुनर्परीक्षा, व तींतही न उतरल्यास त्याच यत्तेंत राहणें, असा नियम केला. म्हणजे ओळखण्याचें माप आणि अडविण्याचें माप हीं दोन्ही एकाच शाळेंत आलीं.

(७) परीक्षेच्या कैवाऱ्यांची बाजूही येथें मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाहीं. २०२१ सालीं साथीमुळें दहावीची परीक्षाच झाली नाहीं. नववीचा निकाल व शाळांचें अंतर्गत मूल्यमापन यांवर गुण दिले गेले, आणि राज्याचा निकाल शेंकडा ९९.९५ लागला. जें माप सर्वांस जवळजवळ सारखेंच मोजतें त्यानें निवड करितां येत नाहीं, आणि शाळेच्या हातीं गुण गेले कीं बाहेरच्या जगाचा विश्वास उडतो, हें तेव्हां सर्वांच्या प्रत्ययास आलें. सरकारनें त्यावर अकरावीसाठीं सामाईक प्रवेशपरीक्षा योजिली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती; दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थिनीनें दाद मागितली, आणि १० ऑगस्ट २०२१ रोजीं उच्च न्यायालयानें ती परीक्षा रद्द केली. परीक्षा नसल्यास वशिला व शाळेचें औदार्य यांचें राज्य. परीक्षा असल्यास ज्याच्या अभ्यासक्रमावर ती बेतली त्याचें राज्य. नेरूळच्या एका गल्लींत शेजारीं राहणाऱ्या दोन मुलांस ह्या दोन्हींचा चटका एकाच उन्हाळ्यांत बसला.

(८) एकंदर इतिहासावरून निष्कर्ष असा निघतो. समान मापाशिवाय न्याय नाहीं, हें १८५९ पासून खरें आहे. समान माप म्हणजेच न्याय नव्हे, हें १८८२ पासून नोंदलेलें आहे. ह्या प्रांतांत ज्या ज्या वेळीं माप वाईट ठरलें, त्या त्या वेळीं दोष पुष्कळदां मापाहून त्याच्या निकालाच्या भारांत होता. निकालाप्रमाणें अनुदानानें तो भार गरीब शाळेवर टाकला. मॅट्रिकनें व तिच्या वारसांनीं तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर टाकला. बिनेनें व २०१५ च्या चांचणीच्या उद्देशानें तो शिकविणाऱ्यावर व सरकारावर ठेविला होता.

सबब पुढें कोणतीही नवी परीक्षा आली असतां, ती समान आहे काय एवढाच प्रश्न विचारून थांबूं नये. करावे गांवांतील मच्छीमाराची मुलगी तींत कमी पडली तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय होणार, तिच्याकडे शिक्षक अधिक येणार कीं तिचें दार बंद होणार, हें त्या परीक्षेच्या नियमांत कोठें लिहिलें आहे तें पाहावें. लिहिलें नसेल, तर जोतीरावांच्या निवेदनास अद्याप उत्तर मिळालेलें नाहीं असें समजावें.