चंद्रावरचं चिकूचं लाकूड

बाझेलच्या संग्रहालयात एका कोरीव लाकडापुढे आम्ही तिघं उभे होतो. लेकीनं जर्मन पाटी वाचली आणि म्हणाली, "आई, हे चिकूचं लाकूड आहे गं." त्याच क्षणी नातवानं माझा हात ओढला. "आजी, हे याविनच्या देवळातलं आहे!"

दोघांचंही खरं होतं.

मी घोलवडच्या चिकूच्या वाडीत वाढले. बांबूच्या टोकाला जाळी बांधून वडील चिकू उतरवायचे आणि संध्याकाळी हाताला खोबरेल चोळून चीक काढत बसायचे. पुढे तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण चिकूच्या झाडाला आपल्या वाडीपलीकडे काही इतिहास असेल हे डोक्यात आलं नव्हतं. 'चिकू' हा शब्दच मुळी मेक्सिकोतल्या 'चिकोसापोते'चा तुकडा. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. त्याचा चीक उकळून च्युइंगगम व्हायचं. तो काढायला जंगलात महिनोन्महिने राहणाऱ्या माणसांनीच पुरातत्त्वज्ञांना किती तरी पडक्या नगरांच्या वाटा दाखवल्या.

आता नातवाच्या याविनबद्दल. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट 25 मे 1977 रोजी आला. त्यात याविन नावाचा एक अजस्र वायुग्रह आहे आणि त्याचा चौथा चंद्र पूर्ण जंगलानं झाकलेला आहे. तिथल्या प्राचीन मंदिरांत बंडखोरांचा तळ असतो. शत्रूचा डेथ स्टार हा अजस्र युद्धतळ येतो, पण मध्ये ग्रह आडवा असल्यामुळे चंद्रावर मारा करता येत नाही. ग्रहाला वळसा घालायला अर्धा तास लागणार असतो आणि तेवढ्या अर्ध्या तासात सगळा निकाल लागतो. त्या लढाईवरून चाहत्यांनी कालगणनाच सुरू केली: याविनच्या लढाईपूर्वी इतकी वर्षं, नंतर इतकी वर्षं. ज्यांच्या घरात शिवराज्याभिषेकाचा शक माहीत आहे त्यांना यात नवल वाटू नये. एखाद्या प्रसंगापासून वर्षं मोजावीत असं माणसांना वाटतं, तेव्हा तो प्रसंग त्यांनी मनापासून आपला मानलेला असतो.

पुढे कादंबऱ्यांनी आणि कॉमिक्सनी या चंद्राला भूतकाळही दिला. ही मंदिरं मसासी नावाच्या जमातीनं बांधली. एक्झार कुन या दुष्ट अधिपतीनं त्यांना गुलाम करून राबवलं, शेवटी त्यांचा बळी दिला. जमात संपली, दगड उरले. माझा आक्षेप आहे तो इथेच.

कारण ती मंदिरं खरी आहेत. इंग्लंडमध्ये चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी एका प्रवासी कचेरीत ग्वातेमालातल्या तिकाल या माया लोकांच्या प्राचीन नगराचं चित्र पाहिलं आणि नंतर एक छोटी तुकडी तिकडे पाठवली. कॅमेरा चढवला तो चौथ्या मंदिरावर. हे मंदिर पासष्ट मीटरच्या आसपास उंच आहे. तिथून पूर्वेला पाहिलं की झाडांच्या शेंड्यांतून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मंदिरांचे माथे वर आलेले दिसतात. चित्रपटातलं मिलेनियम फाल्कन हे यान उतरतं ते याच दृश्यात. टेहळणीवर उभा असलेला पहारेकरीही कुणी नट नाही. यानांच्या प्रतिकृती बनवणारे लॉर्न पीटरसनच तिथे उभे राहिले. मंदिराच्या आतले भव्य प्रसंग मात्र इंग्लंडमधल्या स्टुडिओतले आहेत. तिकालच्या वाट्याला आले ते मोजके क्षण.

त्या मोजक्या क्षणांमागे दीड हजार वर्षांहून जास्त काळ वस्ती असलेलं नगर आहे. तिथे नदी नाही. मायांनी चौकांना आणि रस्त्यांना उतार देऊन पावसाचं पाणी तलावांत साठवलं. गडावरची टाकी पाहिलेल्या माणसाला ही अक्कल लगेच कळेल. 'तिकाल' या नावाचा अर्थही पाणवठ्यापाशी असा लावतात. इ. स. 378 मध्ये सियाज काक नावाचा सेनानी आला आणि सत्ता उलटली. त्यामागे दूरच्या तेओतिवाकान नगराचा हात होता. सहाव्या शतकात पराभव झाला, मग शंभरावर वर्षं एकही कोरीव स्तंभ उभा राहिला नाही. 695 मध्ये हसाव चान कविल या राजानं कलकमूल या प्रतिस्पर्धी नगराला हरवून नगराला पुन्हा उभं केलं. पहिल्या मंदिराखाली त्याचीच कबर सापडली. त्याचा मुलगा यिकिन चान कविल यानं 741 च्या सुमारास चौथं मंदिर बांधलं.

आमच्या पुढ्यातलं लाकूड त्या मंदिराच्या दारावरचं होतं. वाड्याच्या दारावर जिथे गणेशपट्टी असते त्या जागेचं. शेजारी शेजारी बसवलेल्या तुळया, त्यांवर एकच चित्र. सांधे राजाच्या अंगावरून आरपार गेलेले. राजा सिंहासनावर बसलाय, त्याच्यावर कमानीसारखा सर्प वाकलाय आणि दोन्ही बाजूंना अक्षरांचे चौकोन दाटीनं कोरलेत. रंग तांबूस तपकिरी, पिकलेल्या चिकूच्या गरासारखा. साडेबाराशे वर्षं झाली तरी पिसांच्या रेघा अजून मोजता येतात. मूळ जागी हे कोरीवकाम तुळयांच्या खालच्या अंगाला होतं. अरुंद दारात मान उलटी करून, अर्ध्या अंधारात पाहावं लागायचं.

गुस्ताव बर्नुली या स्विस डॉक्टरच्या पुढाकारानं 1877 मध्ये या तुळया उतरवल्या गेल्या, म्हणजे चित्रपटाच्या बरोबर शंभर वर्षं आधी. त्या बाझेलला पोचल्या, पण डॉक्टर परतीच्या वाटेवरच वारला. त्याच्याही आधी, 1848 मध्ये, मोदेस्तो मेंदेस आणि अम्ब्रोसिओ तुत यांची सरकारी मोहीम तिथे गेली होती. पुस्तकं याला शोध म्हणतात. पण आसपासच्या लोकांना ही जागा ठाऊक होतीच, आणि तुत हे आडनाव मायांचंच.

म्हणून मसासींची गोष्ट मला सलते. तिकालचा शेवटचा दिनांकित स्तंभ 869 चा. त्यानंतर नगर रिकामं झालं हे खरं. दुष्काळ होता, लढाया होत्या. पण माया संपले नाहीत. ग्वातेमालात आज वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात. कॅमेरा त्या माथ्यावर चढला तेव्हा देशात यादवी चालू होती. 1960 ते 1996 पर्यंत चाललेल्या त्या यादवीत मेलेल्यांत बहुसंख्य माया होते. पडद्यावर ज्यांचं नगर निर्मनुष्य दिसत होतं, ती माणसं त्याच वेळी त्याच देशात जीव मुठीत धरून जगत होती. वर्गात हे सांगितल्याशिवाय मी तो चित्रपट दाखवणार नाही.

लाकूड आणखी एक गोष्ट सांगतं. तिकालच्या मंदिरांतल्या तुळयांचा अभ्यास झालाय. आधीच्या तुळया चिकूच्या, लांब, सरळ, जाडजूड. आठव्या शतकाच्या मध्यानंतर मोठी झाडं मिळेनाशी झाली आणि बांधणारे दुसऱ्या, हलक्या प्रतीच्या लाकडाकडे वळले. शतक उलटल्यावर चिकू परत आला, पण बारीक खोडांचा. ते वाचताना मला वाडीतली जुनी, जाड बुंध्याची झाडं आठवली. तशी रांग पुन्हा उभी करायची तर किती पावसाळे लागतील, हे वडील बोटांवर मोजून सांगायचे.

"मग खरं याविन कुठलं?" नातवानं विचारलं. मी त्याला भिंतीलगत खाली बसवलं आणि मान उलटी करून वर बघायला सांगितलं, दारात उभ्या असलेल्या माणसाला दिसायचं तसं. तो बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "आजी, सापाला दात पण आहेत."