डुकराचा रुपया आणि भोकाचा पैसा

रौप्यमहोत्सव म्हटला की चांदी आली, आणि चांदी म्हटली की जुना रुपया आठवतोच. स्मरणिका समितीने "तुमच्या नाण्यांबद्दल काहीतरी द्या" म्हटलं, म्हणून हा लेख. पण राजेमहाराजांच्या नाण्यांवर नाही, चुकलेल्या नाण्यांवर.

सगळ्यात गाजलेली चूक १९११ सालची. पंचम जॉर्ज गादीवर आला आणि नवा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायरची साखळी, तिच्यात एक हत्ती. तो इतका बारीक कोरलेला, सोंड इतकी आखूड, की लोकांना तो चक्क डुक्कर वाटला! मुसलमान समाजात संताप उसळला. सरकारने रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून सोंड-कान नीट दिसणारा हत्ती आणला. म्हणून १९११ चा रुपया आज सहजी मिळत नाही. ही चूक मात्र नक्षीची. टांकसाळीत नाणं पाडताना होते ती वेगळी.

टांकसाळीत दोन ठशांमध्ये धातूची कोरी चकती ठेवून दाबतात. चकती सरकली तर छाप एका बाजूला जातो. कधी ठोकलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर एका बाजूला नीट छाप, तर दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा आणि खोलगट उमटतो. अशी नाणी छंदिष्टांना प्यारी. बाजारात बनावटही भरपूर, दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेली. अशा वेळी नाणं पालटून बघा: घरी दाबलेल्याची दुसरी बाजू चेपलेली असते.

आता ज्या चुका नाहीतच त्या. भोकाचा पैसा घेऊन लोक माझ्याकडे मोठ्या आशेने येतात. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून तो मुद्दामच तसा पाडला. (भोक मधोमध नसेल तर जरूर दाखवा.) तसंच सालाखालच्या ठिपक्याचं. तो डाग नाही, नोएडा टांकसाळीची खूण आहे. आपल्या मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, आणि कोलकात्याची खूणच नाही.

हे सगळं सांगायला कारण आहे. बी विंगमधल्या एका आजोबांना मध्यंतरी फोन आला, "तुमच्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणी फी भरा." पैसे पाठवायला बसलेच होते, नातीने फोन काढून घेतला म्हणून वाचले. रिझर्व्ह बँकेच्या नावावरही असे फोन येतात. जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांत आपण नाही आणि कोणतंही शुल्क मागत नाही, असं बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. गिऱ्हाईक खरं असेल तर तो पैसे देतो, मागत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत डब्यात जुनी नाणी सापडली तर चिंच लावून घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. पावल्या २०११ पासून चलनातून गेल्या असल्या तरी फेकू नका. रविवारी सकाळी मी घरीच असतो, डबा घेऊन या. चहा माझ्याकडून.