करणी, उतारा आणि झाड

धाराशिव जिल्ह्यात 'उतारा' हा शब्द कुठल्या दारात उभं राहून उच्चारला, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. तलाठ्याच्या दारात तो सातबाराचा. शेतकऱ्याच्या तोंडी तो सोयाबीनचा एकरी उतारा. ढोकीला, तेरणा कारखान्याच्या पट्ट्यात, उसाच्या भावाचं बोलणं निघालं की साखर उतारा. आणि अमावस्येच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या तिकटीवर दहीभात, लिंबू, हळदकुंकू, बिबा मांडून ठेवलेला दिसला, की नातवाला हाताला धरून बाजूला ओढणारी आजी म्हणते, "ओलांडू नको रं, कुणाचातरी उतारा हाय."

या सगळ्यांचं मूळ एकच. संस्कृतात 'उत्' आणि 'तृ' मिळून पार होण्याचा, पाण्यातून काठाला लागण्याचा अर्थ होतो. त्यातून मराठीत उतरणे, उतार, उतारू असं मोठं गोत झालं. दप्तरातून कागदावर उतरवून घेतलेली नोंद, रानातून पदरात उतरलेलं पीक, उसातून उतरलेली साखर, तसंच माणसावरून उतरवून टाकलेलं दुखणं. विषावर उतारा म्हणून दिलेलं औषधही याच गोतातलं. तिकटीवरच्या उताऱ्यामागचा विचार साधा आहे. आजार अंगावर चढून बसलेला असतो, तर तो उतरवताही येतो. चढवला कुणी, हे विचारण्याची त्या शब्दाला गरज पडत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण मला जे सांगायचं आहे ते तिच्याशीच बांधलेलं आहे.

गावाकडच्या उपचारांची भाषा आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती ओळखूही येत नाही. संपात 'तोडगा' निघतो तेव्हा बातमी देणाऱ्याला आठवत नाही की हा शब्द देवऋष्याच्या ओसरीवरून आलेला आहे. बाधा तोडते ती युक्ती म्हणजे तोडगा. सरकार दारिद्र्याचं 'उच्चाटन' करतं. ते तंत्रग्रंथांतल्या षट्कर्मांपैकी एक, मारण-मोहन-वशीकरणाच्या रांगेतलं. झपाटून काम करणारा माणूस, भारलेली सभा, मंतरलेले दिवस, हे सगळे एकेकाळी बाधेचे आणि मंत्राचे शब्द होते. खुद्द 'जादू' फारसीतून आली, पण तिचं नातं वेदातल्या 'यातु'शी आहे. यातुधान म्हणजे ते यातु बाळगणारा. इराण आणि भारत या दोन्हींकडे एकच जुना शब्द वाढला, आणि त्याचं फारसी रूप पुन्हा आपल्या घरी पाहुणं आलं. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावानेच उस्मानाबाद म्हणवला गेला. त्यामुळे इथे 'दृष्ट' आणि 'नजर' एकाच घरात नांदतात. 'ताईत' हा तर अरबी 'तअवीज'. आसरा घेणं हा त्याचा मूळ अर्थ. गळ्यातला ताईत म्हणताना आपण मायेच्या माणसाला आपला आसरा म्हणत असतो, आणि ते मला फार सुंदर वाटतं.

आता 'झाडणे'. अंगावरून कडुलिंबाचा डहाळा किंवा मोरपिसांचा कुंचा फिरवत बाधा झाडणारा माणूस मराठवाड्यात नवा नाही. पण हाच शब्द समुद्रापार वेस्ट इंडीज बेटांवर पोचला आहे. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. पुढे आलेल्या मजुरांतले बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले. त्यांचं 'झारे' तिथेही टिकलं. लहान मूल किरकिरू लागलं, दूध पिईना, की नारळाच्या हिरांच्या केरसुणीने त्याची नजर झाडायची. त्या बेटावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज राहत होते. त्यांच्याकडे याच दुखण्याला 'मालजो' म्हणतात, स्पॅनिश 'माल दे ओहो'वरून, म्हणजे वाईट डोळा. मालजो झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लेकराला हिंदू म्हाताऱ्याकडे झारे करायला नेण्याची तिथे रीत पडली. धर्म वेगळा, वंश वेगळा, आणि लेकराच्या अंगावरून फिरणारी हिरांची केरसुणी तेवढी सामाईक.

झाडणे या क्रियापदाच्या शेजारी 'झाड' हे नाम आहे, आणि बाधेच्या भाषेत त्याला एक खास अर्थ आहे. ज्याच्या अंगात भूत किंवा वारं आलं आहे, तो माणूस म्हणजे 'झाड'. मांत्रिक भुताला दरडावतो, "या झाडाला का धरलंस? झाड सोड." तुळजापूरला नवरात्रात किंवा येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत संबळ घुमू लागतो, आराधी बाईच्या हातातला पोत हलू लागतो आणि तिच्या अंगात वारं भरतं, तेव्हा लोक तिला वाट करून देतात. हैतीतल्या व्हूडू परंपरेत हाच अनुभव आहे, फक्त शब्द वेगळा. 'व्हूडू' पश्चिम आफ्रिकेतल्या फॉन भाषेतून आला. तिथे 'वोदुन' म्हणजे दैवत. हैतीत दैवताला 'ल्वा' म्हणतात, आणि ज्याच्या अंगात ल्वा येतो त्याला 'श्वाल' म्हणजे घोडा. दैवत घोड्यावर स्वार होतं.

आपण झाड का म्हणालो आणि त्यांनी घोडा का म्हटलं, यावर माझा एक अंदाज आहे. आपला मुंजा पिंपळावर राहतो, हडळ चिंचेवर. भुताचं घर मुळात झाडच, म्हणून ते माणसात आलं की माणूस झाड होतो. शिवाय कुणब्याच्या मुलखात सगळ्यात ओळखीची उभी गोष्ट म्हणजे झाड. पण शब्द कुठलाही घ्या, दोन्हींचा माणसाशी व्यवहार सारखाच दयाळू आहे. झाड आणि घोडा, दोघेही निर्दोष. वारं आलेली सून सासूला जे सुनावते ते तिचं बोलणं धरत नाहीत. एरवी तोंड न उघडणाऱ्या कितीतरी बायकांना या एका शब्दाच्या आडोशाने बोलता आलं.

आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ याहून लांबची गोष्ट सांगते. 'कवडी' म्हणजे संस्कृत कपर्दिका. तुळजापूर बालाघाटावर, समुद्रापासून शेकडो कोस आत. तरी तिथल्या भवानीचं लेणं मालदीवच्या समुद्रातलं. याच मालदीवच्या कवड्या अठराव्या शतकात इंग्रज आणि डच कंपन्यांनी जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेल्या, कारण तिथे कवडी हे नाणं होतं आणि त्या नाण्यात माणसं विकत मिळत. आपण 'कवडीमोल' म्हणतो. तिथे कवड्यांनी माणसाचं मोल केलं. त्या विकल्या गेलेल्या माणसांनी कवड्यांची दुसरी विद्या मात्र सोबत नेली. योरुबा लोकांत सोळा कवड्या टाकून कौल घेतात. क्युबात तीच पद्धत 'दिलोगून' नावाने आजही चालते. ज्या कवडीने विकलं, तिलाच त्यांनी देवाशी बोलायला लावलं.

आफ्रिका या जिल्ह्याला परकी नाहीच. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर ज्याने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परंड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं, तो मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. गुजरातेत रतनपूरला बावा गोर या सिद्दी पिराच्या दर्ग्यात आजही बाधा झालेल्यांना आणतात. सिद्दींच्या ढोलनाचाला 'गोमा' म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या भाषांत 'ङोमा' म्हणजे ढोल.

इथवरचे शब्द उतरवणारे, झाडणारे, आसरा देणारे. पण या मुलखात शब्दांचं दुसरंही एक घराणं आहे आणि ते असं निरुपद्रवी नाही. त्याचा मुख्य शब्द 'करणी'.

करणी सरळ 'करणे'वरून. अथर्ववेदात 'कृत्या' आहे, तीही 'कृ' धातूचीच लेक. कुणीतरी कुणाच्या नाशासाठी करून ठेवलेली वस्तू. पोर्तुगीज दर्यावर्दी पंधराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेला पोचले, तेव्हा तिथल्या लोकांच्या ताईत-गंड्यांना त्यांनी 'फेइतिसू' म्हटलं. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे. त्यावरून 'करून तयार केलेलं' ते फेइतिसू. युरोपभर पसरलेला 'फेटिश' त्यातूनच निघाला. क्युबातला स्पॅनिश 'एचीसो' याच लॅटिन मुळाचा. तीन खंडांत लोकांनी संकटाला एकच नाव दिलं: हे झालेलं नाही, केलेलं आहे.

इथेच घात होतो. 'झालं' या क्रियापदाला कर्ता लागत नाही, 'केलं'ला लागतो. "दवाखान्यात दाखवलं, आता बाहेरचंही बघू" असं म्हणत घरचे लोक देवऋष्याकडे जातात, आणि तो म्हणतो, "कुणीतरी केलंय." त्या 'कुणीतरी'च्या जागी नाव हवं असतं. ते भावकीतलं निघतं, शेजारचं निघतं, आणि बहुतेक वेळा बाईचं निघतं: विधवा, निपुत्रिक, एकटी राहणारी, भांडायला मागे कुणी नसलेली. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातलं पहिलं सूक्त कृत्या परतवण्याचं आहे. ती कुणी केलेली असू शकते ते तिथे सांगितलंय: शूद्राने, राजाने, स्त्रीने, ब्राह्मणांनीही. त्या जुन्या सूक्ताच्या संशयात निदान राजा आणि ब्राह्मण होते. आजच्या करणीत ते दोघे सुटले, बाई तेवढी उरली.

'चेटूक' आणि 'चेटकीण' बघा. संस्कृतात चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. मांत्रिकाच्या हुकमात राबणारं पिशाच्च ते चेटक. हैतीतला 'झोंबी' असाच, मेल्यावरही दुसऱ्याच्या शेतात राबवला जाणारा. गुलामीतून गेलेल्या लोकांना याहून भयंकर काही सुचणं शक्यच नव्हतं. मराठीत मात्र शब्द राबणाऱ्या पिशाच्चावरून घसरला आणि गावातल्या म्हातारीवर येऊन बसला. 'भानामती'चंही तेच. भानुमती ही दंतकथेतली जादूगारीण. बंगालीत 'भानुमतीर खेल' म्हणजे नुसता हातचलाखीचा खेळ, हिंदीतही भानमती गंमतीच्या म्हणींत येते. मराठवाड्यात आणि शेजारच्या तेलंगणात, जिथे तिला 'बाणामती' म्हणतात, ती दहशत झाली: कपडे पेटणं, घरावर दगड पडणं, बायकांनी कुत्र्या-मांजराचे आवाज काढणं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव दाखवून दिलं की दगड फेकणारा हात माणसाचाच असतो, आणि भुंकणाऱ्या बाईला मांत्रिकापेक्षा तिचं ऐकून घेणारं माणूस लागतं.

कायद्याच्या भाषेतही हे शब्द गेले. जमैकात १७६० साली टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केलं, आणि त्याच साली मळेवाल्यांच्या विधिमंडळाने 'ओबिया' गुन्हा ठरवला. ओबिया हा शब्द आकान भाषेतला की इग्बोतला, यावर अजून वाद आहे. पण औषधी देणारे, धीर देणारे, शपथ घालून लोकांना एकत्र बांधणारे, सगळेच त्या एका नावाखाली शिक्षेला पात्र झाले. त्रिनिदादने ती बंदी २००० साली उठवली. जमैकात ती कायद्यात अजून आहे.

आपला जादूटोणाविरोधी कायदा याच्या उलट दिशेचा आहे, म्हणून मला त्याचा आदर वाटतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत जारणमारण, करणी, चेटूक हे शब्द आहेत, पण तिथे गुन्हेगार ठरते ती 'करणी करणारी' बाई नव्हे. अमकी करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, असं सांगत फिरणारा, आणि त्यावरून तिला मारणारा, गुन्हेगार ठरतो. साप, विंचू किंवा कुत्रं चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता गंडादोरा करणाराही. म्हणजे 'कुणी केलं?' हा प्रश्न कायद्याने विचारणाऱ्याकडे वळवला.

लेकराची दृष्ट मीठमोहऱ्यांनी काढणाऱ्या आजीशी माझं भांडण नाही. फक्त ताप उतरला नाही तर तिने रात्र न घालवता लेकराला डॉक्टरकडे न्यावं. तुळजापूर-येरमाळ्याच्या म्हाताऱ्या आराधणींचे शब्द कुणीतरी बसून लिहून घ्यावेत, ते मराठीचं धन आहे. पण 'करणी' हा शब्द कोशात राहू द्या, ओसरीवर नको. तुमच्या गावात एखाद्या बाईचं नाव त्या शब्दाला जोडलेलं ऐकू आलं, तर गप्प राहू नका, पोलिसांना कळवा. या कायद्याखाली नेमलेला दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.